मोसंबीचं हिरवं पीठ, बुरशीची प्रोटीनं आणि आमच्या हातची जखम

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रोज मार्केटचे भाव येतात, मोसंबी एवढ्याला लिंबू तेवढ्याला, मी सकाळी दुकान उघडताना आधी तेच बघतो आणि मग बाकीचा पेपर. पण त्या भावात एक आकडा कधीच येत नाही, तो म्हणजे किती माल नासला. तो आम्हा दुकानदारांच्या पोटात जातो, शेतकऱ्याच्या पट्टीत कटून जातो, आणि शेवटी गिऱ्हाईकाच्या भावात चढतो. त्याबद्दल लिहायचं होतं बरेच दिवस, आज लिहायलोय.

मी रविवारपेठेच्या बाजूला फळं विकतो, वडिलांपासूनचा धंदा. मोसंबी, संत्री, लिंबू हेच जास्त. लिंबू आमच्याकडं इंडीकडनं येतो, विजापूर जिल्ह्यातला, सालीला वास असा की पाटी उघडली की अर्ध्या गल्लीला कळतंय. मोसंबी जालन्याकडनं, संत्री नागपूरची. सगळा माल लांबनं येतो, दोन-दोन रात्री ताडपत्रीखाली, आणि आमच्या बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जूनपासनं सप्टेंबरपर्यंत कापड वाळत नाही तिथं फळाची पेटी कशी कोरडी राहणार.

गेल्या गणपतीच्या आधी मी चाळीस क्रेट मोसंबी घेतली. बाहेरनं बघितलं तर एक नंबर माल, पिवळसर, जड, चकचकीत. चौथ्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर तो वास. ज्यांनी फळाचा धंदा केलाय त्यांना तो वास माहीत आहे, आंबट नाही, गोड नाही, ओल्या पोत्यासारखा जड. क्रेट उलटा केला तर मधल्या मोसंबीवर रुपयाएवढा मऊ डाग, बोट ठेवलं तर अंगठा आतच गेला. त्याच्या बाजूला दुसऱ्या फळावर पांढरी बुरशी आणि तिच्या मधोमध शेवाळी हिरवं पीठ. फळ उचललं तर ते पीठ धुरासारखं उडालं, माझ्या बाहीवर, बाकीच्या मालावर, सगळीकडं. चाळीसातले अकरा क्रेट मी त्या आठवड्यात टाकून दिले. सणाचे दिवस होते, पैसे लागत होते, घरात बोललो पण नाही कुणाला.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण हेच आमच्यातले नव्वद टक्के लोक करतात. नासकी फळं एका पोत्यात भरून दुकानाच्या मागं ठेवली, कारण गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि ज्या फडक्यानं नासक्या फळाचं पाणी पुसलं त्याच फडक्यानं चांगली फळं पुसून पुन्हा मांडली. म्हंजे ते हिरवं पीठ मी स्वतःच्या हातानं एकेका फळाला लावून ठेवलं. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते पुतणीमुळं.

पुतणी इथंच कॉलेजला मायक्रोबायोलॉजी शिकतीय, एमएस्सीला. ती रविवारी दुकानात येती हिशोबाला. तिनं ते फळ बघितलं आणि म्हणाली, काका हे टाकू नका, मला एक डबीत द्या. दुसऱ्या दिवशी मला कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. काय बघितलं सांगू, बारीक बारीक दांडे आणि त्यांच्या टोकाला कुंच्यासारखी बोटं, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला मण्यांची माळ. ते मणी म्हणजे बीजाणू, तेच आपलं हिरवं पीठ. कुंच्यासारखं दिसतं म्हणून तिचं नाव पेनिसिलियम, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच लहान ब्रश. ज्या पेनिसिलियमवरनं 1928 साली फ्लेमिंगना पेनिसिलिन सापडलं त्याच घराण्यातली ही. आपल्या मोसंबीवरची ती पेनिसिलियम डिजिटॅटम, हिरवी बुरशी, आणि तिची बहीण पेनिसिलियम इटालिकम, निळी. एका नासक्या फळावर अब्जाच्या हिशोबानं बीजाणू तयार होतात. मी अकरा क्रेटचं पोतं रात्रभर उघडं ठेवलं होतं, तुम्ही गणित करा.

पण खरी गोष्ट पुढंच आहे आणि त्यासाठीच हे पत्र. मला वाटायचं बुरशी म्हणजे ओलाव्यानं येते, नशिबानं येते. पुतणी म्हणाली नाही काका, ही हिरवी बुरशी धड सालीतनं आत शिरूच शकत नाही. तिला जखम लागती. साल कुठंतरी फाटलेली, टोचलेली, खरचटलेली पाहिजे, नखाएवढी सुद्धा नको, टाचणीएवढी पुरे. त्या जखमेतनं जो रस आणि सालीचं तेल बाहेर येतं त्याच वासावर बीजाणू जागा होतो. आणि एकदा आत गेला की तो प्रोटीनं सोडायला लागतो.

प्रोटीन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी आठवतात. पण ही प्रोटीनं म्हणजे हत्यारं आहेत, एन्झाइम. फळाच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थानं. घरी पेरूची जेली करताना ती घट्ट होते ना, तेच पेक्टिन, आणि मोसंबीच्या सालीचा आतला पांढरा भाग तर पेक्टिननं भरलेला असतो. ही बुरशी पॉलिगॅलॅक्टुरोनेज आणि पेक्टिन लायेज अशी प्रोटीनं बाहेर सोडते आणि ती त्या पेक्टिनची साखळी कापत सुटतात. जसं भिंतीतला चुना-सिमेंट कुणी विरघळवलं आणि विटा नुसत्या एकमेकींवर राहिल्या तसं. म्हणून डाग आधी मऊ होतो, अंगठा आत जातो, आणि बुरशी दिसते ती नंतर. म्हणजे आपल्या डोळ्याला पांढरं दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. पेक्टिन तुटलं की त्यातनं आम्ल निघतं, ती जागा अजून आंबट होते, आणि त्या आंबटपणात ही एन्झाइम अजून जोरात चालतात. यातलं एक पॉलिगॅलॅक्टुरोनेज बनवणारा जीन, म्हणजे जनुक, शास्त्रज्ञांनी बुरशीतनं काढून टाकला तर ती बुरशी फळावर मंदावली, म्हणजे ते हत्यार खरंच कामाचं आहे हे सिद्ध झालं.

आणि फळ काय नुसतं बसतं असं नाही हं. जखम झाली की साल हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते, आपण जखमेवर लावतो ना फेस येणारं औषध, तेच. सफरचंद नासवणारी बुरशी मोसंबीवर टाकली तर ती त्या माऱ्यात टिकत नाही. पण ही हिरवी बुरशी कॅटलेज नावाचं प्रोटीन घेऊन येते, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, वर आम्लं सोडून तो माराच थंड पाडते. हे ऐकलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, फळ लढतंय आणि आपण त्याला पोत्यावरनं पोत्यावर फेकायलोय.

मग आता औषध मारायचं की नाही, असं तुम्ही म्हणाल. जगभर मोठ्या पॅकहाऊसमध्ये इमॅझालिल, थायाबेंडाझोल अशी औषधं वापरतात. पण तिथं पण बुरशीनं वाट काढलीय, आणि ती पण प्रोटीनचीच गोष्ट आहे. इमॅझालिल हे बुरशीच्या एका एन्झाइमला अडवतं, ते एन्झाइम तिच्या पेशीचं आवरण बांधायला लागणारा पदार्थ बनवतं. 2000 साली जपानच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ज्या बुरशीवर औषध चालत नाही तिच्यात त्या एन्झाइमच्या जीनच्या पुढचा एक तुकडा, डीएनएच्या 126 अक्षरांचा, एकापाठोपाठ पाच वेळा आलेला असतो. त्यामुळं बुरशी ते एन्झाइम एवढं बनवते की औषध कमी पडतं. म्हणजे तुम्ही एक दार बंद केलं तर तिनं तेच दार पाचपट रुंद केलं. जास्त औषध मारून काय होणार, आपल्याच पोटात जाणार.

आता जे सगळ्यात मनाला लागलं ते. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया म्हणून संत्र्यांचा मुलूख आहे, आपल्याकडं ऊस जसा तसं तिकडं संत्री. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2012 साली या हिरव्या बुरशीचा पूर्ण जीनोम, म्हणजे तिची सगळी जनुकीय माहिती, वाचून काढला, साधारण नऊ हजार जीन. त्यात त्यांना एक जीन असा सापडला की तो एक लहानसं प्रोटीन बनवतो, आणि ते प्रोटीन बुरशी मारणारं आहे. त्याला त्यांनी एएफपीबी असं नाव दिलं. बुरशी स्वतः ते जवळजवळ बनवतच नाही, जीन असूनही गप्प. मग 2017 साली त्यांनी दुसऱ्या पद्धतीनं ते भरपूर बनवून घेतलं आणि बघितलं तर ते प्रोटीन त्याच हिरव्या बुरशीला मारतं. स्वतःच्याच घरातलं हत्यार, स्वतःवरच चालतं. पुतणी हे सांगत होती आणि मी चहा विसरलो हातात.

पुढं अजून आहे. सफरचंद नासवणारी जी निळी बुरशी, पेनिसिलियम एक्स्पान्सम, तिच्यात अशी तीन प्रोटीनं सापडली. त्यातलं पहिलं सगळ्यात जहाल, आणि 2018 साली त्यांनी दाखवलं की ते संत्र्याच्या जखमेत लावलं तर हिरवी बुरशी रोखली जाते. म्हणजे सफरचंदाची बुरशी संत्र्यात शिरू शकत नाही, पण तिचं प्रोटीन संत्र्याचं राखण करतं. ही प्रोटीनं लहान, पन्नास-साठ अमिनो आम्लांची, पण आतनं गंधकाच्या टाक्यांनी अशी शिवलेली की उष्णतेनं लवकर मोडत नाहीत आणि दुसरी एन्झाइम त्यांना सहज तोडत नाहीत. आणि प्रयोगशाळेत माणसाच्या रक्ताच्या पेशींवर बघितलं तर त्या पेशी फुटल्या नाहीत, बुरशीच्या मेल्या. ती बनवायला तीच पेनिसिलिनवाली बुरशी, पेनिसिलियम क्रायसोजेनम, कारखान्यासारखी वापरतात. तंबाखूच्या जातीतल्या एका झाडात पण बनवून बघितलंय. आपल्या निपाणीत पिढ्यान् पिढ्या तंबाखू पिकतोय, हे वाचून माझ्या मनात तेच आलं पहिल्यांदा, की ज्या पिकानं एवढ्या लोकांचे फुफ्फुस घालवले त्याच्याच भावकीतल्या पानातनं फळ वाचवणारं काहीतरी निघू शकतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हे सगळं अजून प्रयोगशाळेतलं काम आहे. उद्या कुणी बाटली घेऊन आलं आणि म्हणालं बुरशी मारणारं प्रोटीन आहे, पाण्यात टाका, तर घेऊ नका. आमच्याकडं गेल्या वर्षी असाच एक जण कसलीतरी पावडर विकून गेला, नाव घेत नाही, चार दुकानदारांचे पैसे गेले. त्यात काय होतं आजपर्यंत कळलं नाही.

मग आज आपल्या हातात काय, तर ती जखम. बुरशीची हत्यारं कितीही जहाल असली तरी दार आपण उघडून देतो तिला. झाडावरनं फळ ओढून तोडलं की देठाजवळ साल फाटते, कात्रीनं कापून थोडा देठ ठेवला तर फाटत नाही, आणि देठ लांब ठेवला तर तो शेजारच्या फळाला टोचतो, एवढं बारीक आहे ते. हमालाचं नख, क्रेटच्या प्लास्टिकची तुटलेली कड, लाकडी पेटीचा खिळा, गोणीतले काटे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उंचावरनं टाकणं. आमच्याकडं गाडी खाली होते तेव्हा बघा तुम्ही कधीतरी पहाटे, क्रेट हातात दिला जात नाही, सोडला जातो. हमाल बिचारे काय करणार, त्यांना नगावर पैसे मिळतात, जेवढे जास्त क्रेट तेवढी मजुरी. मी आता गाडीजवळ स्वतः उभा राहतो आणि हळू, निधान निधान, असं ओरडत असतो, मराठीत आणि कन्नडात, आणि हळू उतरवलेल्या क्रेटला रुपया जास्त देतो. ते ऐकतात. माणसं वाईट नाहीत, पद्धत तशी पडलीय.

पिंजराचं पण असंच. आधी लिंबाच्या पाटीत खाली पिंजर, म्हणजे पेंढा, घालायचे, मऊ, पण तोच पिंजर पुन्हा पुन्हा वापरला की त्यात बीजाणू बसून राहतात. कोरडा नवा पिंजर चांगला, जुना जाळून टाकावा. फडकं आता माझ्याकडं दोन रंगाची, लाल फक्त नासक्याला, आणि ते रोज उकळत्या पाण्यात. नासकं फळ झाकणाच्या ड्रममध्ये, आणि ड्रम त्याच दिवशी बाहेर. हे करायला लागल्यापासनं नासाडी कमी झालीय, वहीत लिहून ठेवतो मी, कुणालाही दाखवीन. खायच्या सोड्याचं पाणी पण करून बघितलं, शंभर लिटरला दोन-तीन किलो, फळं त्यात मिनिटभर बुडवून मग साध्या पाण्यानं धुऊन पूर्ण सुकवायची. कॅलिफोर्नियात हे जवळजवळ शंभर वर्षं करतात. सोडा बुरशी संपवत नाही, फक्त बीजाणू फुटण्याला आळा बसतो, आणि आधीच आत शिरलेल्याला काही करत नाही. सुकवलं नाही तर उलट नासेल, पावसात तर मी ते करतच नाही.

गिऱ्हाईकांसाठी पण दोन शब्द. घरी आणलेल्या लिंबावर निळं-हिरवं दिसलं की आमच्या आया-बहिणी तेवढं कापून बाकीचं सरबतात पिळतात. नका करू. वर सांगितलं तसं, दिसतं त्याच्या आधी आतलं काम झालेलं असतं. आणि ते एक फळ टोपलीतनं लगेच काढा, निळी बुरशी शेजारच्या फळात चिकटून शिरते, फ्रिजच्या गारठ्यात सुद्धा वाढते, आणि हिरवी बुरशी इथिलिन वायू सोडते त्यानं बाकीची फळं लवकर म्हातारी होतात. टोपलीत फळांभोवती चिलटं फिरायला लागली की पण बघा, आंबट वासाची पाणी-पाणी होणारी एक वेगळी कुज असते, ती चिलटं एका फळावरनं दुसऱ्या फळावर नेतात.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की हे सगळं आपल्या भाषेत यावं. मला पुतणी आहे म्हणून कळलं. अथणी, रायबाग, चिकोडी, खानापूर या भागात केवढे शेतकरी आहेत ज्यांनी दोन-चार एकर लिंबू नाहीतर मोसंबी लावलीय, त्यांना माहिती मिळती ती औषधाच्या दुकानातनं, आणि दुकानदार औषधच सांगणार ना. गोकाकजवळ आरभावीला एवढं मोठं हॉर्टिकल्चर कॉलेज आहे, बागलकोटला युनिव्हर्सिटी आहे, म्हैसूरला अन्नावर संशोधन करणारी सीएफटीआरआय 1950 पासनं आहे, नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे. ज्ञान आपल्या दोन्ही बाजूला आहे, सीमेच्या इकडं पण आणि तिकडं पण, मधल्या माणसापर्यंत ते पोचत नाही. तिथल्या सरांनी-मॅडमनी महिन्यातनं एकदा मार्केटात येऊन हमालांपुढं बोलावं, मराठीत पण आणि कन्नडात पण, एका सूक्ष्मदर्शकात ते मणी दाखवावेत. मला पन्नास भाषणांनी जे कळलं नसतं ते त्या भिंगातनं एका मिनिटात कळलं.

आणि तुमच्या बाजारभावाच्या कॉलमखाली दोन ओळींची जागा असली तर पावसाळ्यात एवढंच छापा, की कात्रीनं तोडा, क्रेट हातात द्या, नासकं त्याच दिवशी बाहेर. हेच पत्र मी पुतणीकडनं कन्नडात करून घेऊन इथल्या एका कन्नड पेपरला पण पाठवायलोय, आमचे निम्मे हमाल तोच वाचतात. बुरशीला कन्नडात बूष्टु म्हणतात, ते नाव मात्र त्यांना मी शिकवायला लागलं नाही, त्यांनीच मला शिकवलं.

आपला,
एक फळविक्रेता,
रविवारपेठ, बेळगाव